वायर निघून परत लागली तरी मिडीची जोडणी आपोआप परत यावी, यासाठी रास्पबेरी पायवर काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे (पुढे नुसते 'पाय'), त्याला ना पडदा ना माऊस. त्याला जोडायला एक वाजवायचा यूएसबी कीबोर्ड, पाच पिनांचाच मिडी (वाद्यांनी एकमेकांना स्वरांचे संदेश पाठवायची पद्धत) असलेला जुना ऑक्टोपॅड आणि तसाच जुना साउंड मॉड्यूल, म्हणजे आलेल्या संदेशांवर आवाज काढणारी पेटी. ऑक्टोपॅड आणि मॉड्यूलसाठी बाजारात मिळणाऱ्या एकसारख्या दोन यूएसबी-मिडी केबल. कीबोर्डने मॉड्यूल वाजवायचा आहे आणि ऑक्टोपॅडने पायवरच चालणारा फ्लुइडसिंथ हा आवाज काढणारा प्रोग्रॅम. हाताने आज्ञा देऊन जोडले की सगळे वाजते. पाय बंद-चालू केला, किंवा वाजवता वाजवता कोणाच्या पायात वायर आली, की जोडणी जाते आणि पुन्हा लॅपटॉप काढून बसावे लागते. बूट होताना जोडणी करणारी स्क्रिप्ट घालून पाहिली, ती कधी चालते, कधी नाही.

स्क्रिप्ट लहरी वाटते, पण दोष तिचा नाही. ती ज्या क्रमांकांवर विसंबते तेच बदलतात, आणि ती एकदाच चालते. या दोन गोष्टी दुरुस्त केल्या की मामला सुटतो. म्हणून आधी क्रमांक, मग वेळ. पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत. डॅश म्हटले तिथे डॅशच द्यायचा. एकनेक्ट म्हणजे 'ए' आणि 'कनेक्ट' सलग; एसेकडंप ('सेक'चे स्पेलिंग एस-ई-क्यू), एप्लेमिडी, एमिडीमाइंडर यांतही पुढचा 'ए' तसाच.

टर्मिनलमध्ये 'एकनेक्ट डॅश एल' दिले की आल्साच्या (लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेच्या) सीक्वेन्सरची, म्हणजे मिडीचे संदेश इकडून तिकडे पोचवणाऱ्या भागाची, यादी येते. यादीतले प्रत्येक वाद्य किंवा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट, आणि त्याची संदेश येण्या-जाण्याची दारे म्हणजे पोर्ट. सगळ्यात वर क्लायंट ० म्हणजे सिस्टिम, त्याखाली टायमर आणि अनाउन्स ही दोन पोर्ट. मग १४ वर मिडी थ्रू. त्यानंतर तुमची वाद्ये: कीबोर्ड आज २० वर, उद्या २८ वर. हे आकडे मनमानी नाहीत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक साउंड कार्डासाठी (यूएसबी वाद्यही त्याला एक कार्डच) चार जागा राखतो आणि पहिल्या सोळा स्वतःकडे ठेवतो, म्हणून क्लायंट क्रमांक = १६ + ४ × कार्ड क्रमांक. कार्ड १ असेल तर २०, कार्ड २ असेल तर २४, कार्ड ३ असेल तर २८. फ्लुइडसिंथसारखे प्रोग्रॅम १२८ पासून पुढे क्रमांक घेतात.

आता गोम कार्ड क्रमांकात आहे. पाय ४ ला यूएसबीशिवायच हेडफोन आणि एचडीएमआयची कार्डे असतात. बूट होताना कोणाचा ड्रायव्हर आधी उभा राहील, त्याला आधीचा आकडा. एचडीएमआयला काही लावले, ऑडिओ बंद केला, कीबोर्ड थोडा सावकाश जागा झाला, की पुढचे सगळे आकडे सरकतात. म्हणून 'एकनेक्ट २०:० २४:०' अशी ओळ स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. घरी दहा वेळा चालेल आणि अकराव्या वेळी कीबोर्ड जाऊन भलत्याच पोर्टाला जोडला जाईल.

दुसरा मार्ग नावाचा. एकनेक्ट क्रमांकाच्या जागी क्लायंटचे नावही घेतो, आणि पूर्ण नाव दिले नाही तरी सुरुवातीचा भाग जुळला की पुरते. फ्लुइडसिंथला हे फार उपयोगी, कारण तो आपल्या नावापुढे कंसात प्रोसेस क्रमांक लावतो आणि तो दर वेळी वेगळा. 'फ्लुइड सिंथ' एवढाच भाग कोटमध्ये द्या, मग कोलन, मग पोर्ट ०. कोट विसरू नका. नावात मोकळी जागा आहे, आणि कोटांविना शेल त्याचे दोन तुकडे करतो. अक्षरे लहान-मोठी जशी यादीत दिसतात तशीच हवीत. कोरगचा नॅनोकी, आकाईचा एमपीके असे वाद्य असेल तर नाव पुरेसे आहे. नाव क्लायंटचे जुळवा आणि पोर्ट आकड्याने द्या. पोर्टांची लांब नावे कर्नल अपडेटनंतर बदललेली दिसू शकतात, क्लायंटचे नाव सहसा टिकते.

तुमच्या मांडणीत मात्र नावाने अर्धेच काम होईल, कारण दोन केबल एकसारख्या. दोघींचे नाव 'यूएसबी मिडी इंटरफेस' किंवा तसलेच काहीतरी. नावाने मागितले की एकनेक्ट यादीत आधी सापडेल ती घेतो, आणि आधी कोणती सापडेल ते पुन्हा कार्ड क्रमांकावर. केबलना सीरियल नंबरही बहुधा नसतो. मग उरते एकच ओळख: वायर पायच्या कोणत्या भोकात घातली आहे.

ही ओळख कर्नलकडे तयार असते. 'रीडलिंक डॅश एफ' या आज्ञेला स्लॅश सिस, स्लॅश क्लास, स्लॅश साउंड, स्लॅश कार्ड३, स्लॅश डिव्हाइस हा पत्ता द्या. उत्तरात लांबलचक वाट येते आणि तिचे शेवटचे टोक '१-१.३:१.०' असे काहीसे असते. कोलनच्या आधीचा '१-१.३' हा भाग म्हणजे भोक. पाय ४ वर चार भोके १-१.१ ते १-१.४ अशी दिसतात. मधे हब असेल तर आणखी एक टिंब वाढते, जसे १-१.३.२. पाय ५ वर यूएसबीची रचना वेगळी आहे, तिथे आकडे वेगळे निघतील, तेव्हा पाठ करण्यापेक्षा एकेक वायर घालून बघा आणि भोकाशेजारी मार्करने लिहून ठेवा. ऑक्टोपॅडच्या केबलवर आणि तिच्या भोकावर एकाच रंगाची टेप गुंडाळा. अंधारात स्टेज लावताना वायर चुकीच्या भोकात गेली तर पुढचे सगळे गणित उलटेच होणार.

भोकावरून कार्ड, कार्डावरून क्लायंट. म्हणजे स्क्रिप्टने फक्त एवढे करायचे: साउंड क्लासमधल्या प्रत्येक कार्डाची वाट वाचायची, शेवटचा तुकडा कोलनपर्यंत कापायचा, तो हव्या त्या भोकाशी जुळला की कार्डाचा आकडा चारने गुणून सोळा मिळवायचे. सूत्र वर दिलेलेच. कार्ड ३ निघाले तर २८, आणि जोडणी २८:० शी. आकडे दर वेळी बदलू द्या, स्क्रिप्ट ते त्या क्षणी काढते.

काही जण यूडेवच्या (उपकरण लागले-निघाले की ठरलेले नियम चालवणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमाने कार्डाला स्वतःचे नाव देतात. तो नियम चालतो, पण त्याने फक्त कार्डाची ओळख बदलते, म्हणजे स्लॅश प्रॉक, स्लॅश असाउंड, स्लॅश कार्ड्स या फायलीत चौकोनी कंसात दिसते ती. सीक्वेन्सरमधले क्लायंटचे नाव आहे तसेच राहते आणि एकनेक्टला त्याचा काही उपयोग होत नाही. यात अर्धा दिवस जातो, म्हणून आधीच सांगितले.

आता वेळेचा प्रश्न. बूट होताना आरसी-लोकल किंवा क्रॉनच्या 'रीबूट' ओळीतून जोडणी करणे हा सगळ्यात कच्चा मार्ग. तेव्हा यूएसबीची वाद्ये उभी राहिलेली असतीलच असे नाही, आणि नंतर वायर निघून परत लागली तर तिथे बघायला कोणीच नसते. 'स्लीप २०' घालून पहिली अडचण झाकता येते, दुसरी तशीच राहते.

यूडेवचा नियम त्याहून बरा: वाद्य लागले की नियम स्क्रिप्ट चालवतो. इथे तीन खड्डे आहेत. पहिला असा की यूएसबी सबसिस्टिमच्या 'ॲड' घटनेवर नियम बांधला, तर स्क्रिप्ट बरेचदा फार लवकर धावते; यूएसबी उपकरण दिसलेले असते पण त्याचे मिडी पोर्ट अजून तयार व्हायचे असते. साउंड सबसिस्टिममधल्या 'कार्ड'च्या 'चेंज' घटनेवर बांधा, ती कार्डाचे कंट्रोल तयार झाल्यावर येते. तरी अर्धा-एक सेकंद थांबावे लागतेच. दुसरा खड्डा: यूडेवच्या 'रन'मधून सुरू केलेली प्रोसेस फार वेळ जगू दिली जात नाही, घटना संपली की तिला मारले जाते. म्हणून तिथून थेट काम करू नका. 'सिस्टिमसीटीएल डॅश डॅश नो-ब्लॉक रीस्टार्ट' आणि पुढे सर्व्हिसचे (पार्श्वभूमीत चालणाऱ्या आपल्या जोडणीच्या प्रोग्रॅमचे) नाव, एवढेच लिहा. तिसरा खड्डा सगळ्यात फसवा. हबला पाच-सहा वाद्ये आहेत आणि हब एकदम चालू केला, तर तेवढ्या वेळा सर्व्हिस रीस्टार्ट होते. सर्व्हिस चालवणारा सिस्टिमडी सर्वसाधारणपणे दहा सेकंदांत पाचच सुरुवाती चालवून घेतो, पुढची नाकारतो आणि 'स्टार्ट-लिमिट-हिट' असे लिहून गप्प बसतो. शेवटचे वाद्य जोडायचे राहते. युनिट विभागात 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक' शून्य केले की हे थांबते.

पण यूडेवची वाट धरायचीच कशाला? वर क्लायंट ० मधले अनाउन्स पोर्ट आले होते ना, ते याच कामाचे आहे. सीक्वेन्सरमध्ये काहीही आले-गेले की ०:१ वर त्याची दवंडी पिटली जाते, आणि मिडी पोर्ट खरोखर तयार झाल्यावरच पिटली जाते. लवकर धावण्याचा प्रश्नच मिटला. शिवाय यूडेवला फक्त वाद्ये दिसतात, फ्लुइडसिंथ बंद पडून परत सुरू झाला ते दिसत नाही. अनाउन्सला दोन्ही दिसते.

बघायला सोपे आहे. 'एसेकडंप डॅश पी ०:१' द्या आणि कीबोर्डची वायर काढून घाला. काढल्यावर 'पोर्ट एक्झिट', 'क्लायंट एक्झिट' अशा ओळी येतात. घातल्यावर डावीकडे ०:१, मधे 'क्लायंट स्टार्ट' आणि उजवीकडे २८. लगेच खाली 'पोर्ट स्टार्ट' आणि २८:०. दोन पोर्टांचे वाद्य असेल तर २८:१ ची आणखी एक ओळ. याच ओळी स्क्रिप्टने वाचायच्या.

बॅशमध्ये मांडणी अशी होते. एसेकडंपचे आउटपुट पाइपने 'व्हाइल रीड' लूपमध्ये न्यायचे. एसेकडंपच्या आधी 'एसटीडीबफ डॅश ओएल' (यातला ओ लहान, एल मोठा) लावायचे, नाहीतर पाइपमधून जाताना ओळी साठून राहू शकतात. एसेकडंप सुरू होताच 'वेटिंग फॉर डेटा' अशी ओळ छापतो. ती आली की एकदा जोडणीचे फंक्शन चालवायचे. बूटच्या वेळची जोडणी या ओळीनेच होते, आणि ऐकणे आधी सुरू झालेले असल्यामुळे त्या दरम्यान आलेले वाद्यही सुटत नाही. पुढे 'पोर्ट स्टार्ट' असलेली प्रत्येक ओळ आली की पुन्हा फंक्शन. हबमधून पाच वाद्ये एकदम आली तर पाच वेळा चालेल, चालू द्या. किंवा 'रीड डॅश टी ०.५'ने अर्धा सेकंद शांतता मिळेपर्यंत ओळी गिळत राहायचे आणि मग एकदाच चालवायचे.

'क्लायंट स्टार्ट'वर फंक्शन बांधायचा मोह होईल, तो टाळा. एकनेक्ट स्वतःसुद्धा चालताना एक क्लायंट उघडतो. म्हणजे जोडणी केली की नवी 'क्लायंट स्टार्ट' ओळ, त्यावर पुन्हा जोडणी, त्यावर पुन्हा ओळ. पायचा एक कोर शंभर टक्क्यांवर आणि वाद्ये अडखळत. एकनेक्ट पोर्ट मात्र उघडत नाही, म्हणून 'पोर्ट स्टार्ट' सुरक्षित.

फंक्शनच्या आत प्रत्येक जोडीसाठी एक ओळ: देणारा, घेणारा. जोडी आधीच जुळलेली असेल तर एकनेक्ट 'कनेक्शन इज ऑलरेडी सबस्क्राइब्ड' असे म्हणून चुकीचा एक्झिट कोड देतो. हे अपेक्षित आहे, त्याचे आउटपुट स्लॅश डेव्ह, स्लॅश नलमध्ये टाका. स्क्रिप्टच्या वर 'सेट डॅश ई' लिहायची सवय असेल तर इथे काढा, नाहीतर पहिल्याच जुळलेल्या जोडीवर स्क्रिप्ट मरते. आणि सुरुवातीला 'एकनेक्ट डॅश एक्स' देऊन सगळे तोडून पुन्हा जोडणे, हे तर अजिबात नको. स्वर दाबलेला असताना जोडणी तुटली की स्वर सोडल्याचा संदेश पोचत नाही. कोणा एकाची वायर लागली म्हणून बाकीच्यांचे वाजणे तोडायचे कारण नाही.

जोड्यांची यादी वेगळ्या साध्या फाइलीत ठेवणे चांगले. ती विंडोजवर संपादित केली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे अक्षर चिकटते आणि नाव जुळत नाही, डोळ्याला मात्र सगळे बरोबर दिसते. 'डॉस२युनिक्स' एकदा फिरवा.

सर्व्हिस फाइलीत लिहायचे ते थोडकेच: 'आफ्टर' मध्ये साउंड टार्गेट, 'रीस्टार्ट' ऑलवेज, 'रीस्टार्टसेक' २, आणि युजर असा की जो ऑडिओ गटात आहे. गट नसेल तर स्लॅश डेव्ह, स्लॅश एसएनडी, स्लॅश सेक उघडत नाही आणि परवानगी नाकारल्याची ओळ येते. ती फाइलच नाही असे दिसले तर एसएनडी-सेक हे मॉड्यूल लोड झालेले नाही. मॉड्यूल्स-लोड-डॉट-डी या फोल्डरमध्ये त्याच्या नावाची एक फाइल टाका. फ्लुइडसिंथची सर्व्हिस वेगळी ठेवा. कोणी आधी उठायचे, याची काळजी करायला नको. तो उठला की त्याच्या पोर्टची दवंडी येते आणि ऑक्टोपॅड त्याला जोडला जातो.

हे सगळे स्वतः लिहायचे नसेल तर 'एमिडीमाइंडर' नावाचा तयार प्रोग्रॅम आहे, तो याच अनाउन्स पद्धतीने काम करतो. नियमांत डावीकडे देणारा, मधे बाण, उजवीकडे घेणारा. नावांवर भागत असेल तर तोच वापरा, स्क्रिप्ट लिहू नका. तुमच्यासारख्या दोन जुळ्या केबल असतील तर भोकावरून ओळखणारी स्क्रिप्ट लागेल, किंवा सरळ एक केबल वेगळ्या बनावटीची घ्या. खरे सांगायचे तर शे-पाचशे रुपयांनी चाळीस ओळींचा कोड वाचत असेल, तर केबल घेतलेली बरी.

फक्त फ्लुइडसिंथच वाजवायचा असेल, बाहेरचा मॉड्यूल नसेल, तर याहून सोपे आहे. फ्लुइडसिंथला 'मिडी डॉट ऑटोकनेक्ट' हे सेटिंग आहे, ते १ केले की उपलब्ध मिडी इनपुट तो स्वतः जोडून घेतो.

'सगळे सगळ्यांना जोड' अशा स्क्रिप्ट फिरत असतात, त्यांच्यापासून मात्र सावध. दोन वाद्यांत ठीक चालतात. तिसरे आले की गोंधळ. एखादे वाद्य आलेला संदेश पुढे पाठवणारे असेल तर अ पासून ब, ब पासून परत अ, असा फेरा तयार होतो आणि एक स्वर हजार वेळा फिरतो. दोन वाद्ये क्लॉक पाठवत असतील तर घेणाऱ्याकडे दोन्ही मिसळतात. मिडी क्लॉकचे (लय जुळवण्यासाठी पाठवलेल्या संदेशांचे) एका मात्रेला, म्हणजे क्वार्टर नोटला, २४ ठोके ठरलेले. १२० च्या लयीत सेकंदाला ४८. दोन स्रोतांचे ९६ पोचले की ऱ्हिदम मशीन दुपटीत पळते. ड्रम लूपची गती आपोआप दुप्पट झाली अशी तक्रार आली की आधी हेच तपासावे. मिडी थ्रूला काही जोडू नका, तो आलेले तसेच परत देतो. नव्या रास्पबेरी पाय ओएसवर यादीत पाइपवायर या ध्वनी हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचेही क्लायंट दिसतील, तेही वगळा. तुम्हाला दोन जोड्या हव्यात, दोनच लिहा. कीबोर्डने मॉड्यूल वाजतोय आणि त्याच वेळी फ्लुइडसिंथचा पियानोही घुमतोय, असे झाले तर कुठून तरी तिसरी जोडी झाली आहे.

आता स्वर अडकण्याबद्दल. कीबोर्डवर तार सप्तकातला सा दाबलेला आहे आणि वायर निघाली. मॉड्यूलला सा सुरू झाल्याचे कळले, सोडल्याचे कधी कळणार नाही. पियानोचा आवाज विरून जाईल, ऑर्गनचा किंवा स्ट्रिंग्जचा जात नाही. वायर परत लागून जोडणी झाली तरी तो वाजतच राहतो, कारण नवा 'सोडला' संदेश त्या स्वराचा येतच नाही. उपाय म्हणून एक छोटी मिडी फाइल करून ठेवा: सोळाही चॅनेलवर आधी कंट्रोलर ६४ (सस्टेन पेडल) ला शून्य, मग १२३ (सगळे स्वर सोडा) ला शून्य, मग १२० (सगळा आवाज बंद) ला शून्य. ६४ आधी, कारण सस्टेन पेडल दाबलेले असेल तर १२३ मिळूनही स्वर धरून ठेवला जातो. एकूण ४८ संदेश, १४४ बाइट. पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला दहा बिट, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद, सगळी फाइल ४६ मिलिसेकंदांत निघून जाते. कानाला कळतही नाही.

ही फाइल 'एप्लेमिडी डॅश पी' आणि मॉड्यूलचा क्लायंट-पोर्ट देऊन वाजवायची, 'पोर्ट एक्झिट' ओळ आल्यावर. इथेही तोच फेऱ्याचा धोका आहे, आणि एप्लेमिडी तर स्वतःचे पोर्टही उघडतो आणि मिटतो. म्हणून उजवीकडचा क्लायंट क्रमांक १२८ पेक्षा लहान असेल तरच वाजवा. एप्लेमिडी १२८ च्या पुढे असतो, खरी वाद्ये आत.

ही झाली आतली बाजू. बहुतेक वेळा मूळ दुखणे बाहेर असते, कारण स्क्रिप्ट उत्तम चालली तरी वाद्य दर दोन मिनिटांनी गळत असेल तर ती फक्त पुन्हा पुन्हा जोडत बसेल.

वीज आधी बघा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा सप्लाय लागतो, आणि त्याची चारही यूएसबी भोके मिळून १.२ अँपियरच देतात. दिव्यांनी झगमगणारे पॅड कंट्रोलर आणि कीबोर्ड मिळून तिथवर सहज पोचतात. मोबाइलचा चार्जर आणि लांब बारीक वायर लावली की पायलाच वीज कमी पडते. 'व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड' द्या. उत्तर शून्य हवे. ०एक्स५०००० आले तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते, ०एक्स५०००५ आले तर या क्षणी पडलेले आहे. उपाय म्हणजे स्वतःचा सप्लाय असलेला हब. तो हब उलट पायलाच वीज पाठवत नाही ना, हे बघून घ्या: पायचा सप्लाय काढल्यावरही पायचा लाल दिवा मिणमिणत असेल तर हब बदला.

'डीमेसजी (डी-एम-ई-एस-जी) डॅश डब्ल्यू' चालू ठेवून वायर हलकेच हलवा. 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि लगेच 'न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशा जोड्या येत असतील तर भोक किंवा वायर सैल आहे. कीबोर्डच्या पाठीमागचे चौकोनी बी जॅक यासाठी कुप्रसिद्ध आहेत. वायर एक वेढा घालून स्टँडला वेल्क्रोने बांधा, म्हणजे ओढ जॅकवर येत नाही. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी थांबतात.

वाद्य दिसते, जोडणीही दिसते, पण आवाज नाही, असे असेल तर 'एसेकडंप डॅश पी' आणि वाद्याचा क्रमांक देऊन ऑक्टोपॅडवर एक थाप मारा. 'नोट ऑन', चॅनेल ९ असे दिसायला हवे. आल्सा शून्यापासून मोजतो, म्हणून ऑक्टोपॅडवरचा १० इथे ९. काहीच आले नाही तर केबलची दोन टोके उलट लावून बघा. स्वस्त केबलवर 'इन' लिहिलेले टोक काही बनावटींत वाद्याच्या इनला लावायचे असते, काहींत ते केबलचे स्वतःचे इन असते आणि वाद्याच्या आउटला जाते. उलट लावल्याने काही जळत नाही. 'एलएसयूएसबी'मध्ये केबलची चिप सीएच३४५ दिसली तर साधे स्वर चालतील, पण सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश, म्हणजे मॉड्यूलचे बँक डंप वगैरे, तिच्यातून पाठवू नका. ती त्यात गोंधळ करते, आणि कर्नलमध्येही या चिपसाठी खास जुगाड ठेवावा लागला आहे. रोलँडच्या बऱ्याच यूएसबी वाद्यांच्या मेनूत यूएसबी ड्रायव्हरचा पर्याय असतो, तो 'जेनेरिक'वर ठेवा आणि वाद्य बंद करून चालू करा.

एक गोष्ट मांडणी पक्की झाल्यावरची. स्टेजवर पाय कधी नीट शटडाउन होत नाही, कोणीतरी थेट प्लगच काढतो, आणि एसडी कार्ड त्याने खराब होते. 'रास्पी-कॉन्फिग'च्या परफॉर्मन्स विभागात ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलेच जात नाही. पुढे जोड्यांच्या फाइलीत बदल करायचा असेल तेव्हा आधी ओव्हरले बंद करायचा, रीबूट, बदल, परत चालू. हे विसरले की बदल केल्यासारखे वाटतात आणि पुढच्या बूटला नाहीसे होतात.

कार्यक्रमाला नेण्याआधी चाचणी अशी घ्या. सगळे लावून पाय चालू करा आणि दहा वेळा प्लग काढून-घालून बूट करा. दहाही वेळा काही न करता वाजले पाहिजे. मग वाजवत असताना एकेक वायर काढा, पाच मोजा, घाला. मग हबचाच सप्लाय काढून घाला, म्हणजे सगळी वाद्ये एकदम पडतील आणि एकदम उठतील. शेवटी 'किल' देऊन फ्लुइडसिंथ मारा आणि तो परत उठल्यावर ऑक्टोपॅड वाजतो का पाहा. काही चुकले तर 'जर्नलसीटीएल डॅश यू' आणि सर्व्हिसचे नाव. फंक्शनमध्ये प्रत्येक वेळी कोणत्या भोकाचा कोणता क्लायंट निघाला, ही एक ओळ छापायची सोय करून ठेवली असेल तर चूक तिथेच दिसते. ओव्हरले चालू असताना ही नोंद पाय बंद झाल्यावर राहत नाही, म्हणून चाचणी आधी, ओव्हरले नंतर.